पाणवठ्याची यादी आणि हिरवं बटण

एका जंगलात सिंह नव्हता, बाळांनो. सिंहाची जागा मंजूर होती, पण भरती रखडली होती. म्हणून वाघ प्रभारी राजा होता.

या जंगलात एक सर्व्हर होता. कोणी पाणवठ्यावर कधी यायचं, याची यादी त्यात असे आणि पाणवठ्यावरच्या पाटीवर ती दिसे. चार वाजता हरणं, पाच वाजता बिबटे. हरणं पाणी पिऊन सुखरूप घरी जात, ती या यादीच्या जिवावर.

यादीच्या डिस्क जुन्या वडाच्या ढोलीत होत्या. त्या आता कुरकुरायला लागल्या होत्या. नव्या डिस्क गुहेत येऊन पडल्या होत्या. यादी इकडून तिकडे न्यायचं काम साळूताईकडे आलं. साळूताई म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण बोलणं मऊ.

तिची रीत साधी होती. ढोली आणि गुहा मिळून एकच कोठार आहे, असं तिने आधी सर्व्हरला पटवलं. मग यादीचा एकेक तुकडा गुहेत उतरवायचा, ताडून बघायचा, जुळला की मगच ढोलीतला सोडायचा. तोवर यादी चालूच.

कांचनी नावाची हरणी रोज जाता जाता विचारी, "ताई, आमचे चार पक्के ना?"

"पक्के गं बाई," साळूताई म्हणे.

आठ दिवस झाले. कोणाला काही कळलं नाही. साळूताई मनातून खूश होती. कोणाला काही कळू नये, हेच तर काम होतं. इथेच ती फसली, बाळांनो.

तिचे साहेब होते एक तरस. सगळे त्यांना तरसेसाहेब म्हणत. ते आले आणि म्हणाले, "साळूताई, आठ दिवसांत दिसलं तर काहीच नाही!"

"दिसायला नकोच, साहेब. एकच तुकडा राहिलाय, चार-पाचच्या वेळांचा. उद्या होईल."

"उद्या? अहो, आज चार वाजता राजेसाहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे. मांडव घातलाय. मोराचा नाच ठेवलाय."

"पण यात उद्घाटन कशाचं करणार? ते आपोआपच..."

"राजेसाहेबांनी बटण दाबल्यावर काहीतरी व्हायला नको?"

बटण आलं. हिरवं, झेंडूची माळ घातलेलं. पण ते जोडायचं कशाला? तरसेसाहेबांनी पुष्कळ विचार केला आणि ते ढोलीतल्या डिस्कच्या विजेला जोडलं. दाबलं की वड बंद. जुनं गेलं, नवं आलं, हे शेवटच्या रांगेतल्या सशालाही दिसलं असतं.

"साहेब, पाया पडते, चार-पाचचा तुकडा अजून वडातच आहे हो!"

"तुम्ही फार नकारात्मक बोलता," तरसेसाहेब म्हणाले.

चार वाजता वाघाने बटण दाबलं. टाळ्या झाल्या. पाणवठ्यावरची पाटी कोरी झाली. हरणं पाण्याशी होतीच. कोरी पाटी पाहून बिबटेही उतरले.

साळूताई धावत ढोलीपाशी गेली आणि तिने वायर पुन्हा खोचली. तिच्या रीतीत काम मधेच तुटलं तरी जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होई. दहा मिनिटांत यादी परत आली. एक अक्षरही हरवलं नव्हतं.

कांचनी मात्र परत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. अवघ्या दहा मिनिटांत यादी परत आणल्याबद्दल तरसेसाहेबांना शाल आणि नारळ मिळाला. आठ दिवस काम केल्याचं कुठेच न दिसल्याबद्दल साळूताईला कारणे दाखवा नोटीस मिळाली. अहवालाच्या शेवटी लिहिलं होतं, 'स्थलांतरामुळे यादीत एका नावाची जागा वाचली आहे.'

ते नाव पुसायचं काम साळूताईकडेच आलं. तिने ते रडत रडत केलं. तेही कोणाला कळलं नाही.

तात्पर्य, वहीत नीट उतरवून घ्या: कोणाला कळणारही नाही इतकं चोख काम कधी करू नये. मधे एकदा तरी वायर ओढावी. ज्यांचं नुकसान होतं ते तक्रार करायला उरत नाहीत, आणि उरलेले टाळ्या वाजवतात.