चिंचेच्या मोगरीचा दांडा

ड्रिलच्या बिटाला धार लावण्यात अख्ख्या जळगावात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी सासऱ्यांना फोनवर सांगितलं आणि तिथंच शेण खाल्लं!

दुसऱ्याच दिवशी धरणगावहून सासरे छगनआबा चिंचेचा ओंडका घेऊन दारात! "जावईबापू, रविवारी शेतमा भरीत शे. वांगी ठेचाले लाकडी मोगरी करी द्या. तुमन्या सासूबाईनी लायेल चिंच व्हती. वादळमा पडनी. इतलंच लाकूड उरनं शे, जपीसन!"

सासूबाई गेल्या त्याला वर्षही झालं नव्हतं. मी ओंडका दोन्ही हातांनी उचलून घेतला.

लेथ मशीनवर मोगरीचं डोकं कातलं. आहाहा! आतून असा जांभळट काळा गाभा निघाला की मी मशीन बंद करून हात जोडले. आता फक्त दांड्यासाठी खाली भोक पाडायचं होतं.

"अहो, लाकडासाठी मधे टोक असलेलं बिट घेतात ना?" बायको डिंपल म्हणाली.

"लोखंडाला भोक पाडणारं बिट लाकडाला घाबरतं का गं?"

मी धार लावली. ठिणग्या काय उडाल्या, वा! पण बिटाची एक धार लांब आणि दुसरी आखूड झाली. लाकडात शिरताच ते लग्नातल्या मामासारखं नाचायला लागलं! भोक पडलं ऐसपैस. दांडा आत खुळखुळायला लागला.

मग दांडा जाड केला. तो बसेना, म्हणून मोठं बिट घेतलं. त्यालाही धार मीच लावली! भोक आणखी मोठं, दांडा आणखी जाड. असं करत करत मोगरीला नुसत्या भिंती उरल्या आणि दांडा मनगटाएवढा झाला. सासूबाईंची चिंच गेली! मला रडू फुटलं.

डिंपलनं ते पोकळ डोकं उलटं करून ओट्यावर ठेवलं, आत हिरव्या मिरच्या-लसूण टाकले आणि तो जाड दांडा माझ्या हातात दिला. "ठेचा."

रविवारी शेतात सगळी भावकी त्या खलाभोवती जमली. आबा गाभ्यावरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. "कितलं भारी शे! मी मोगरी सांगी, तुम्ही खल-दांडा कया! ती राहती ना, तर रोज यामाच मिरची ठेचती."

मी थक्क! हे खरंच माझ्या हातून झालं?

आबांनी डोळे पुसले. "आते एकच काम. टांगाले दांड्याले दोरीपुरतं बारीक भोक पाडी द्या."

डिंपलनं दांडा पदराखाली लपवला.