विहीणबाईंसाठी रताळी

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी बद्रीनाथरावांनी घरात जाहीर केलं, की उद्याच्या फराळातली रताळी ते स्वतः करणार. आणि तीही गॅसवर किंवा कुकरात नव्हे, ओव्हनमध्ये.

"विहीण मनकर्णाबाई एक घास खातील आणि म्हणतील, इवाई, झालं गेलं विसरून जाऊ. लिहून ठेवा," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई भगर निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्या विसरतील वो. तुमचं तोंड गप राहिलं म्हंजे झालं."

या टोमण्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या, कैलासच्या लग्नात बद्रीनाथराव पंगतीत बसले होते, वरबाप म्हणून फेटा बांधून. मठ्ठ्याचा पेला तोंडाला लावून त्यांनी शेजारच्या पाव्हण्याला विचारलं होतं, "हा मठ्ठा हाय का ताकाचा पेला धुतलेलं पाणी?" शेजारचा पाव्हणा हसला. नेमक्या त्याच वेळी पाठीमागून आग्रह करायला जिलेबीचं ताट घेऊन मुलीची आई आली होती. मनकर्णाबाईंनी ते ऐकलं, जिलेबी वाढली, पुढं गेल्या, आणि त्यानंतर लेकीच्या घराची पायरी चढल्या नाहीत. सून मीनाक्षीच माहेरी जाऊन यायची. आईला फोन लावला की ती आधी खोलीचं दार लावून घ्यायची, आणि बाहेर यायची तेव्हा तिचे डोळे पाहून बद्रीनाथरावांना पेपरात तोंड खुपसावं लागायचं.

यंदा शिवरात्रीला वेरूळच्या दर्शनाचं निमित्त झालं. मीनाक्षीनं महिनाभर आईची मनधरणी केली. शेवटी ठरलं, की मनकर्णाबाईंना खुलताबादच्या अलीकडच्या त्यांच्या गावाहून जीपनं घ्यायचं, सगळ्यांनी मिळून घृष्णेश्वराचं दर्शन करायचं, आणि फराळाला शहरात, गारखेड्याच्या घरी यायचं.

बद्रीनाथराव गुडघ्याचं कारण सांगून घरीच थांबले. गुडघा दुखत होता हे खरं, पण त्यापेक्षा खरं हे, की त्यांना एकट्यानं स्वयंपाकघर हवं होतं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ते दुपारचे टीव्हीवरचे पाककृतींचे कार्यक्रम मन लावून पाहत. कैलासनं वाळूजच्या कंपनीच्या बोनसातून दिवाळीला छोटा ओव्हन आणला होता. तो ओट्यावर झाकून ठेवलेला असायचा, आणि वच्छलाबाई त्यावर डाळींचे डबे ठेवायच्या. बद्रीनाथरावांना हे बघवत नव्हतं.

सकाळी सगळी मंडळी वेरूळला गेली. भगर आणि शेंगदाण्याची आमटी वच्छलाबाई करून गेल्या होत्या. बद्रीनाथरावांनी डबे उतरवले, ओव्हन पुसला, शहागंजच्या बाजारातून निवडून आणलेली लालचुटूक रताळी धुतली. त्यांच्या काचऱ्या न करता त्यांनी अख्ख्या रताळ्यांना उभ्या चिरा दिल्या, त्यात जिरं, वाटलेली हिरवी मिरची, गुळाचा बारीक चुरा आणि सैंधव भरलं. वरून तूप चोळलं. किती चोळावं हे टीव्हीवरच्या बाईंनी सांगितलं होतं, पण त्या बाईंना विहीण नसावी असं म्हणून बद्रीनाथरावांनी आणखी दोन पळ्या घातल्या. रताळी चारी बाजूंनी भाजावीत म्हणून ती ताटलीत न ठेवता थेट जाळीवर मांडली. खाली काही ठेवावं लागतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

बटण फिरवलं. आतल्या सळया लाल झाल्या. काचेतून रताळी नवरीसारखी उजळून दिसायला लागली. बद्रीनाथराव खुर्ची ओढून समोर बसले.

गल्लीत त्या दिवशी दोन मोठ्या गोष्टी एकदम चालू होत्या. कोपऱ्यावरच्या महादेवाच्या मंदिरात मांडव घातला होता आणि बायकांचं भजन माइकवर रंगलं होतं. दुसरी गोष्ट भजनाहून मोठी होती. नळाला पाणी आलं होतं. ज्या गावात पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, त्या गावात ते सणाच्या दिवशी आलं तर लोक देवाआधी नळाला हात जोडतात. घरोघरी मोटारी घूं घूं करत होत्या.

आणि तेवढ्यात सगळं थांबलं. सळया विझल्या, भजन मधेच तुटलं, मोटारी गप झाल्या.

"लोडशेडिंग," बद्रीनाथराव स्वतःशी म्हणाले. "सणाच्या दिवशीसुद्धा."

मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब मांडवातून बाहेर आले आणि त्यांनी फोनवर कुणाला तरी महाशिवरात्रीचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. नानासाहेबांचा आवाज इतका खणखणीत होता, की माइक बंद पडल्याचं मागच्या रांगेतल्यांना कळलंच नाही. थोड्या वेळानं सांडू वायरमन मोटारसायकलवर आला, गल्लीच्या विजेच्या डीपीचं दार उघडलं आणि म्हणाला, "फ्यूज उडालाय. टाकतो."

लाइट आली. मोटारी सुरू झाल्या. बद्रीनाथरावांनी गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून ओव्हनचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं, आणि वेळेचं बटण मधे घंटा वाजू नये म्हणून 'सतत चालू'वर ठेवलं. सळया लाल झाल्या, आणखी लाल झाल्या. मग डीपीतून सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज आला आणि गल्ली पुन्हा गप झाली.

बद्रीनाथरावांनी विझलेल्या सळयांकडं पाहिलं. खिडकीतून डीपीकडं पाहिलं. पुन्हा सळयांकडं पाहिलं. त्यांना आठवलं, की घरातला फ्यूज सारखा उडतो म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यांनीच त्यात चांगली जाडजूड तांब्याची तार भरली होती. तेव्हापासून घरातला फ्यूज कधीच उडाला नव्हता. आता कुठला उडत होता ते त्यांना कळलं.

बटण बंद करायला ते उठले, तोच दारात नानासाहेब उभे.

"बद्रीभाऊ, चला. तुमच्याशिवाय हे काम व्हायचं नाय."

"माझं जरा आत..."

"आत काय ठिवलंय? घरी कुणी नाय तुमच्या. आख्खी गल्ली जमलीय. सरकारी भाषेत बोलणारा माणूस पायजे," असं म्हणत नानासाहेबांनी त्यांचा दंड धरला. नानासाहेबांनी तरुणपणी आखाड्यात कुस्त्या मारल्या होत्या. बद्रीनाथराव एका चपलेनिशी बाहेर आले.

डीपीभोवती खरंच आख्खी गल्ली जमली होती. सगळ्यांत पुढं समोरच्या घरातल्या आवडाबाई होत्या, हातात रिकामी बादली घेऊन.

"टाकीत वीतभर पाणी चढलंय माझ्या," त्या म्हणाल्या. "नळ गेला तर पाच दिवस काय पेऊ आन् काय धुऊ?"

सांडू घाम पुसत म्हणाला, "बाई, माझा काय दोष? मोटारींचा लोड तर हायेच, पण कुणीतरी वरून शेगडी नायतर हीटर लावलाय. त्याबिगर असा उडत नाय. कुणाच्या घरी काय चालू हाय ते सांगा."

बद्रीनाथरावांनी घसा खाकरला. पण नानासाहेब आधी बोलले.

"ही गल्ली इज्जतदार लोकांची हाय. असला माणूस हितं राहत नाय. काय बद्रीभाऊ?"

सगळी गल्ली बद्रीनाथरावांकडं पाहायला लागली. हीच ती वेळ होती. पण आवडाबाईंच्या हातातली बादली लोखंडी होती.

"नाय," बद्रीनाथराव म्हणाले. "राहत नाय."

"मग बोला की याला."

बद्रीनाथरावांना वाटलं, दोन वाक्यं बोलावीत आणि घरी पळावं. पण जिल्हा परिषदेत तीस वर्षं लोकांची निवेदनं ऐकलेल्या माणसाच्या तोंडून ती आपोआप बाहेर येतात. ते म्हणाले की नागरिकांच्या सहनशीलतेचा अंत पाहिला जातो आहे. ते म्हणाले की दोषी व्यक्ती कितीही मोठी असो, तिची गय केली जाऊ नये. बायकांनी टाळ वाजवले. बद्रीनाथराव बोलता बोलता स्वतःच्या घराच्या खिडकीकडं पाहत होते, आणि त्यांचा आवाज कापत होता. लोकांना तो संताप वाटला.

सांडूही आता चिडला होता. त्यानं डिकीतून बोटाएवढी जाड तार काढली, डीपीत घातली आणि म्हणाला, "आता उडून दाखव म्हणावं."

लाइट आली ती आली. भजन सुरू झालं, मोटारी सुरू झाल्या, आवडाबाई टाकीकडं धावल्या. बद्रीनाथरावही निघाले, पण नानासाहेबांनी त्यांना मांडवात नेलं, खुर्चीवर बसवलं आणि गळ्यात हार घातला. पाठोपाठ नारळ. मग नानासाहेब गल्लीच्या एकजुटीवर बोलायला लागले. बद्रीनाथराव दोनदा उठले. दोन्ही वेळा नानासाहेबांना वाटलं, की हा माणूस सत्काराला संकोचतोय, आणि त्यांनी खांदा दाबून त्यांना खाली बसवलं.

"जमिनीवर पाय असलेला माणूस हाय," ते माइकवर म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "धूर! बद्रीभाऊच्या घरातनं धूर!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर असा निघत होता, की वाटावं आत वीटभट्टीच लावलीय. रताळ्यांचं तूप जाळीतून ठिबकून लाल सळयांवर पडत होतं. सगळे धावले. "पाणी आणा, पाणी आणा," असा एकच गलका झाला. पण पाणी आणायला कुणी जाईना. ज्याच्या त्याच्या घरी आत्ता कुठं टाकी भरत आली होती, आणि जो तो दुसऱ्याच्या बादलीकडं पाहत होता.

नेमकी त्याच वेळी वेरूळहून जीप आली.

कैलास आणि मीनाक्षी उतरून धावायच्या आतच मनकर्णाबाई उतरल्या. कपाळावर भस्म, पदर खोचलेला. त्यांनी धुराचा एक वास घेतला आणि म्हणाल्या, "सरका. आग नाय ती. कायतरी करपलंय."

त्या नाकाला पदर लावून आत गेल्या. वच्छलाबाई त्यांच्या मागं. ओव्हनची वायर ओढल्याचा आवाज आला, खिडकी सताड उघडली, आणि थोड्या वेळानं मनकर्णाबाई परातीत काहीतरी घेऊन ओसरीवर आल्या. परातीत दगडी कोळसे होते. निदान दिसत तरी तसेच होते.

बद्रीनाथराव गळ्यात हार, हातात नारळ आणि एका पायात चप्पल अशा वेषात दारात पोचले, तेव्हा विहीणबाई ओसरीवर फतकल मारून बसल्या होत्या. त्यांनी एक कोळसा उचलला, साल सोलली, आतला वाफाळता केशरी गर तोंडात घातला. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. गल्ली त्यांच्या तोंडाकडं पाहत होती.

मनकर्णाबाईंनी दुसरा घास घेतला.

"वच्छलाबाई," त्या म्हणाल्या, "लई दिसांनी असं रताळं खाल्लं. चुलीच्या आरात पुरल्यावानी झालंय. आत मिरची काय, गूळ काय. कुणी केलं हे?"

बद्रीनाथरावांच्या आयुष्यात एवढा अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. दोन वर्षं ज्या बाईनं तोंडही दाखवलं नव्हतं, ती स्वतःहून कौतुक करत होती. नुसतं 'मी' म्हणायचं होतं. पण एका बाजूला आवडाबाई उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला नानासाहेब, आणि मागं सांडू, अजून हातात पकड घेऊन. गप बसलं तर श्रेय वच्छलाबाईंना जाणार. बोललं तर दोषी व्यक्तीची गय केली जाऊ नये, हे त्यांनीच मघाशी सांगून ठेवलं होतं.

त्यांनी सुनेकडं पाहिलं. मीनाक्षी आईच्या खांद्याला टेकून बसली होती, आणि धुरानं डोळ्यांत पाणी असूनही हसत होती.

"मी केलं," बद्रीनाथराव म्हणाले.

"कशावर?"

"इलेक्ट्रिकच्या भट्टीवर." मग एकदाची वाट फुटली तसे ते बोलत सुटले. "सकाळपासनं तीच चालू होती. दोन्ही वेळेला लाइट तिच्यामुळंच गेली. मांडवात मी खोटं बोललो. आन् लग्नातला तुमचा मठ्ठा चांगला होता, मनकर्णाबाई. मी दोन पेले पिलो होतो."

मांडवात माइक चालूच होता, पण भजन कुणी म्हणत नव्हतं. आवडाबाईंनी बादली खाली ठेवली, बहुतेक दोन्ही हात मोकळे करायला.

आणि मनकर्णाबाई हसायला लागल्या. आधी पदराआड, मग पदराबाहेर. त्यांना हसू आवरेना. "इवाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आख्ख्या गल्लीचं पाणी तोडून तुम्ही माझ्यासाठी रताळी भाजली व्हय?" त्यांचं बघून मीनाक्षी हसली, वच्छलाबाई हसल्या, आणि शेवटी नानासाहेबही हसले, मात्र हसता हसता त्यांनी बद्रीनाथरावांच्या गळ्यातला हार काढून घेतला आणि नारळ परत मागितला. आवडाबाई हसल्या नाहीत. संध्याकाळी बद्रीनाथरावांनी टँकर मागवला आणि पहिला पाइप त्यांच्या टाकीत सोडला, तेव्हा कुठं त्या म्हणाल्या, "रताळं उरलं असंल तर द्या एखादं."

मनकर्णाबाई त्या दिवशी मुक्कामाला राहिल्या. उपवास सुटल्यावर, दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी लेकीला जवळ घेतलं, वच्छलाबाईंकडून ओटी भरून घेतली आणि बद्रीनाथरावांकडं वळल्या.

"इवाई, एक मागते. नाय म्हणू नका."

"मागा की," बद्रीनाथराव फुलून म्हणाले.

"ती तुमची भट्टी मला द्या. हितं लोकाला तरास. आमच्या गावात दिवसभर लाइटच नसती, तिथं ती कुणाचं काय बिघडवणार?"

बद्रीनाथराव काय उत्तर द्यावं याचा विचार करत वच्छलाबाईंकडं वळले. पण त्या जागेवर नव्हत्या. खोकं आणि सुतळी आणायला त्या कधीच आत गेल्या होत्या.