शिशाचा शालू

आमच्या दवाखान्यात एक शालू होता, आणि त्याची घडी घालणाऱ्याशी मन्मथआप्पा बोलणं टाकत.

शालू म्हणजे एक्सरेच्या खोलीतला शिशाचा एप्रन. काळपट हिरवा, रबरी, अंगावर चढवला की खांद्यावर ज्वारीचं पोतं घेतल्यासारखं वाटे. घडी घातली तर आतलं शिसं तडकतं आणि त्या चिरेतून किरण आत घुसतात, म्हणून आप्पा तो कायम जाड दांड्यावर टांगून ठेवत. एकदा झाडलोट करणाऱ्या बाईंनी चांगल्या मनानं त्याची चौघडी करून कपाटात ठेवली. आप्पांनी तो टेबलावर पसरला आणि चिरा पडल्यात का ते बघायला त्याचाच एक्सरे काढला. बाहेर बाकावर गुडघा धरून बसलेले एक म्हातारबा म्हणाले, "आमाला न्हाई म्हणतो, आन् कापडाचा फोटो काढतो. लई शाना हाय."

दवाखाना आमच्या सहकारी साखर कारखान्याचा. मी तिथे सिस्टर आणि आप्पा एक्सरेवाले. ते मूळचे चौसाळ्याचे. घरचं किराणा दुकान भावावर सोडून मशीनच्या नादी लागले. उंच, सडपातळ, कपाळावर भस्माचे पट्टे आणि छातीवर एक प्लास्टिकचा बिल्ला. अंगावर किती किरण पडले ते त्या बिल्ल्यावर उमटतं. तो ठरावीक काळानं मुंबईला तपासायला जाई आणि तिकडून 'ठीक' असा निरोप येई. कारखान्याच्या निवडणुकीत मात्र या बिल्ल्यानं गोंधळ घातला. दोन्ही पॅनलच्या लोकांनी येऊन आप्पांना विचारलं, "हा बिल्ला कुनाचा? आपला तर न्हाई."

"किरणांचा," आप्पा म्हणाले.

किरण नावाचा उमेदवार कोण, याचा शोध दोन्हीकडून मतमोजणीपर्यंत चालू होता.

आप्पांची वाक्यं ठरलेली. पहिलं, "गरज हाय का?" आमच्या भागात फोटो काढला की निम्मा आजार पळतो असा लोकांचा समज. डॉक्टरांनी गोळ्याच दिल्या तर माणूस हिरमुसून जाई. फोटो निघाला की कंबर धरून आलेला ताठ चालत जाई. काही जण तर दर महिन्याला फोटो 'घ्यायला' येत. आप्पा त्यांना दारातूनच वाटेला लावत. "फोटो म्हंजे औशिद न्हाई. दुखतंय कुठं ते डॉक्टरला सांगा. डॉक्टरला पायजे आसंल तर काढू."

ज्याचा काढायचा त्याचाही फोटो हात आखडूनच. मशीनखाली उजेडाची चौकट पडते, ती आप्पा भाकरीएवढी करत. कुणी म्हणालं की आलोच आहे तर खांदाही घ्या, तर म्हणत, "मनगट मोडलंय, मनगटच. गाव कशाला?"

दुसरं म्हणजे, "भिंतीआड!" ही आरोळी कारखान्याच्या भोंग्याच्या खालोखाल. आमच्याकडे पेशंट एकटा कधीच येत नाही. पाय एकाचा मुरगळतो आणि ट्रॉलीभर माणसं येतात, आणि त्याला खोलीत एकटं सोडणं म्हणजे निर्दयपणा समजतात. आप्पा एकेकाला दंडाला धरून बाहेर काढत. कुणी दाराआडून डोकावलं तर बटणावरचा हात काढून घेत आणि तो जाईपर्यंत स्तब्ध उभे राहत.

बायकांना ते सरळ विचारत, "बाई, दिवस गेलेत का?" पोटातल्या जीवाला किरण नकोत, हे बरोबरच. पण विचारायचे ते दारातून आणि ओरडून. एका नव्या नवरीनं सासूसमोरच "व्हय" म्हटलं, आणि बाहेर बाकावर पेढ्यांची बोलणी सुरू झाली तेव्हा तिच्या नवऱ्याला ती बातमी कळली. त्यानंतर हा प्रश्न मी कानात विचारायचा असं ठरलं.

या सगळ्याचा एक परिणाम झाला. लोक मशीनला भ्यायला लागले, ते ठीक. पण ते आप्पांनाही भ्यायला लागले. जो माणूस दिवसभर त्या खोलीत असतो त्याच्या अंगाला ते किरण चिकटत असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. कँटीनमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. तरुणपणी आलेली स्थळंही याच कारणानं परत गेली होती म्हणे. आप्पा समजावून थकले. "दिवा मालवल्यावर उजेड खोलीत ऱ्हातो का? बटण सोडलं की किरण खलास. माझ्या अंगाला काय डिंक हाय?" लोक मान डोलावत आणि चार पावलं लांबच राहत.

एकदा बीडहून येताना मी त्यांच्यासोबत चौसाळ्याला उतरले होते. भावाचं धाकटं पोर धावत आलं, तसं वहिनीनं त्याला वरच्या वर उचललं. "काका दमून आलेत, नको बाळा." आप्पांनी पुढे केलेले हात खिशात घातले आणि रेवड्यांची पुडी काढून उंबऱ्यावर ठेवली. परतताना मी म्हटलं, "तुम्हीच एवढं ओरडता, मग लोक घाबरणारच."

"ओरडलो न्हाई तर आत येतेत, शिष्टर," आप्पा म्हणाले.

मग ते दुष्काळाचं साल आलं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याचं गाळप बंद. कारखान्याच्या मैदानावर जनावरांची चारा छावणी पडली आणि माणसंही तिथेच राहायला आली. आप्पांचा दुष्काळ वेगळा होता. फिल्म औषधातून काढली की भरपूर पाण्यात धुवावी लागते, आणि टँकरचा भरवसा नव्हता. आप्पा पाणी झाकून ठेवत, त्यावर वीट ठेवत. एकाच गोष्टीवर ते खूश होते. "हवा आशी कोरडी, की फिल्म टांगायचा अवकाश, पापडासारखी वाळती."

अशाच एका दुपारी चेअरमनसाहेब आले. मागे सातआठ कार्यकर्ते. एका संचालकानं शहरात छातीचा फोटो काढून आणला होता आणि तो बैठकीत सगळ्यांना दाखवला होता, त्यामुळे साहेबांनाही हवा होता. डॉक्टर म्हणाले, "काढून टाका आप्पा, दोन मिनिटांचं काम."

आप्पांनी विचारलं, "साहेब, दुखतंय का काही?"

"काहीच न्हाई."

"खोकला? ताप?"

"आरे, न्हाई म्हणलं ना!"

"मग कशाचा फोटो काढू?"

कार्यकर्त्यांपैकी एक गुरगुरला, "चेअरमनला न्हाई म्हणतो का बे? नोकरी नको झाली का?" आप्पांना निवृत्तीला अजून अवकाश होता आणि दुसरं काम जमेल असा हा माणूस नव्हता.

तेवढ्यात छावणीतून एक बाई आली. पोटुशी, शेवटचे महिने भरत आलेले, आणि काखेत तीनेक वर्षांची मुलगी. मुलगी चाऱ्याच्या गाडीवरून पडली होती आणि कोपर टम्म सुजलं होतं. डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, हाड सरकलं असेल तर आत्ताच बीडला पाठवावं लागेल, उशीर केला तर हात वाकडा राहील. आधी फोटो.

टाकीत एका फिल्मपुरतंच पाणी होतं. चेअरमनचा फोटो तिथेच मिटला. पण पोरगी टेबलावर ठेवली की साप चावल्यासारखी उसळे. कुणीतरी तिला धरायला हवं होतं.

"मी धरते," आई म्हणाली.

"तुमी न्हाई. तुमी भिंतीआड, पार त्या लिंबाखाली."

"आन् लेकराला एकटं कावून ठिवायचं?"

"बाप कुठाय?"

"टँकरमागं गेलाय."

मी पुढे झाले. आप्पांनी मलाही अडवलं. "तुमचं रोजचं हाय, शिष्टर. आज हिला, उद्या त्याला. थोडं थोडं साठत जातं. ज्याला एकदाच धरायचंय त्यानं धरावं." मग त्यांनी चेअरमनसाहेबांकडे पाहिलं. "साहेब, तुमी फोटोसाठीच आलते ना? या."

कार्यकर्ते हबकले. आप्पांनी दांड्यावरचा शालू उतरवून साहेबांच्या गळ्यात घातला आणि मागून बंद बांधले. साहेब त्या वजनानं वाकले. "आयला, हे तर ज्वारीचं पोतं हाय!"

"बोटं चौकटीच्या बाहेर. हालली तर फोटो वाया, आन् दुसरीला पाणी न्हाई. भिंतीआड!"

कार्यकर्ते, आई, मी, सगळे बाहेर. आतून साहेबांचा आवाज आला, भाषणातला नव्हे, गोठ्यातला. "तुमच्या बैलाचं नाव काय गं?" हुंदका. "सरज्या." "शिंगं कशी हायती त्याची?" पोरगी सांगायला थांबली, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं.

फोटो एका फटक्यात निघाला. शालू उतरवून साहेब घाम पुसत बाहेर आले आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "चला. माझा राहू द्या." त्या गुरगुरणाऱ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही.

आप्पा फिल्म धुऊन अंगणातल्या तारेवर टांगत होते. मुलीला काखेत घेऊन उभ्या आईला उन्हानं भोवळ आली. तिनं मुलगी समोर जो माणूस उभा होता त्याच्या हातात दिली आणि मटकन पायरीवर बसली. समोर आप्पा होते.

मी आईला पाणी देत होते. पाहते तर आप्पा दोन्ही हातांवर मुलीला असं धरून उभे, जणू कुणीतरी येऊन काढून घेईल.

"शिष्टर," ते म्हणाले, "बटण बंद हाय ना?"

इतक्या वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मी आत जाऊन पाहून आले. "बंद आहे."

मग त्यांनी मुलीला खांद्याशी घेतलं. ती दुखरा हात सांभाळत, चांगल्या हातानं त्यांच्या बिल्ल्याशी खेळायला लागली. ओली फिल्म डॉक्टरांनी उजेडाला धरून बघितलीच होती. हाड जागेवर होतं, बारीक चीर होती, इथेच प्लास्टर चालणार होतं. आता फक्त फिल्म वाळायची होती, आईच्या हातात द्यायला.

आई सावरली आणि मुलीला घ्यायला तिनं हात पुढे केले. "आना, भाऊ. वाळली का फिल्म?"

"अजून ओली हाय," आप्पा म्हणाले.

मी तारेपाशी गेले. फिल्म खडखडीत वाळली होती, वाऱ्यानं वाजत होती. मी तिला बोट लावलं आणि आईला म्हटलं, "बस गं जरा. वाळू दे."