पत्र्याची सेनापती

चिलखताचा शेवटचा बोल्ट आवळून झाला, तेव्हा वैजयंतीच्या लक्षात आलं, की आपल्याला वाकता येत नाही.

"अहो, ह्यात कंबरच हलंना!"

"सेनापती कुटं वाकतो व्हय?" महिपती पाना खिशात घालत म्हणाला.

महिपती चिंचोळीच्या एका कारखान्यात फिटर. कॉलनीच्या महिला मंडळानं नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरवलं आणि वीस वर्षांत उखाण्यापलीकडे जिला कुणी चार शब्द बोलू दिले नव्हते, त्या त्याच्या बायकोला सेनापतीचं काम मिळालं. मग भाड्याचा पोशाख त्याला पटेना. पंधरा दिवस खपून त्यानं गोडेतेलाचे डबे उभे कापले, ठोकून मानेपासून गुडघ्यापर्यंत बेतले, छातीवर बाटल्यांची बुचं खवल्यांसारखी बसवली, आत फाटक्या चादरीचं अस्तर लावलं. डोक्यावर पातेलं आणि त्याच्या टोकाला यंत्रमागावरच्या सुताचा रिकामा कोन. सगळ्याला चंदेरी रंग. बाजूचे पट्टे मात्र विंगेत ऐन वेळी तुटले. म्हणून हे बोल्ट.

पडदा उघडला. पहिल्या अंकाच्या शेवटी शत्रूचा सरदार झालेल्या मालतीबाईंनी तलवार हाणायची, सेनापतीनं कोसळायचं आणि दुसऱ्या अंकात राणी झालेल्या चेतनानं विलाप करायचा, असं ठरलेलं. तलवार बसली. ठण्ण! पुठ्ठ्याचं पातं मधोमध दुमडलं. वैजयंती जागची हलली नाही.

"पडा की वहिनी!" विंगेतून वही धरलेल्या सावित्रम्मा कुजबुजल्या.

"कशी पडू? वाकता येईना, आन् सरळ पडलं तर समोर परीक्षक हायत!"

हे माइकनं सगळ्या सभागृहाला ऐकवलं. हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या तिन्ही परीक्षकांनी गुपचूप खुर्च्या मागं घेतल्या. मालतीबाईंनी घाबरून आणखी एक वार केला, तर नुसती मूठच हातात राहिली.

एवढी माणसं आपल्याकडं बघतायत, हे वैजयंतीला तेव्हा जाणवलं. आणि गंमत म्हणजे तिला भीती वाटेना. तिनं हात उंचावला.

"दमलीस? हाण की अजून! ही सेनापती पडत नसती!"

शिट्ट्यांनी छप्पर दणाणलं. मालतीबाईंनी सावित्रम्मांकडं पाहिलं. त्या वहीची पानं उलटत होत्या. मग मालतीबाईंनी मूठ खाली टाकली आणि गुडघे टेकले. "चुकलं बाई! आमी हारलो!"

पडदा पडला. दुसरा अंक झालाच नाही. महिनाभर विलाप पाठ केलेली चेतना विंगेत खरंखुरं रडली.

पहिला नंबर मंडळाचा आला. "नायिकेला जिवंत ठेवण्याचं लेखकाचं धाडस," असं परीक्षक म्हणाले. वैजयंतीनं बक्षिसाची ढाल उभ्याउभ्याच स्वीकारली. मग महिपतीनं एकेक बोल्ट सोडवला.

पुढच्या वर्षीच्या नाटकात मंडळानं तिला राणी केलं. तिनं वही चाळली. तिसऱ्या प्रवेशात राणीला विष दिलं होतं. तिनं वही मिटून टेबलावर ठेवली.

"मरायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती म्हणाली. "मला ते जमत न्हाय."