रडणारी चाळीस बालके मिळवण्याबाबत

सन १९५७च्या ऑक्टोबरात चांदा जिल्ह्यातल्या एका जंगलगावी ग्रामसेविका नीलाबाई यांना सरकारी पेटी मिळाली. तीत एक घंगाळ, साबणाच्या दोन वड्या, एक लाकडी बदक आणि परिपत्रक होतं. अंघोळीला रडणाऱ्या, तीन वर्षांखालच्या चाळीस बालकांना गोडी लावून हसवायचं होतं. नोकरी अजून कच्ची होती, म्हणून नीलाबाईंनी परिपत्रक दोनदा वाचलं.

अडचण अशी, की गावात अंघोळीला रडणारं बालकच नव्हतं. पोरं सकाळपासून बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, उथळ पाण्यात डुंबायची. रडायची ती बाहेर काढताना. ही रड चालेल का, असं नीलाबाईंनी कचेरीला विचारलं. उत्तर आलं, की ती अंघोळ संपल्याची रड आहे. तिच्यासाठी वेगळी योजना विचाराधीन आहे. मुळातच हसणारी बालके मात्र अपात्र समजावीत.

म्हणजे आधी रडवणं आलं. नीलाबाई बुधरीच्या दारी गेल्या. तिचा अडीच वर्षांचा मुलगा झाडू गावात सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

"बाई, पोरगं हासून राह्यलं, त त्याले रडवाचं काऊन?" बुधरीनं विचारलं.

"मग हसवता यावं म्हणून," नीलाबाई म्हणाल्या, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांना घाम फुटला.

कचेरीतले साहेब पाहणीला यायचे होते त्या दिवशी चाळीस उघडी पोरं घंगाळापुढे रांगेत बसवली. पहिल्याच्या डोळ्यांत साबण गेला, दुसऱ्यानं बदक पळवलं, तिसरा दुसऱ्याला चावला, आणि रड वणव्यासारखी रांगेच्या टोकाला पोचली. जीपमधून उतरतानाच साहेबांचा चेहरा खुलला. "पहिला टप्पा शंभर टक्के," ते म्हणाले. "आता हसवा."

नीलाबाईंनी बदक नाचवलं. बदकासारखं ओरडून, फेंगडं चालून दाखवलं. पोरं दुप्पट रडली. अखेर झाडूला काखोटीला मारून त्या बोडीकडे धावत सुटल्या. साहेब मागून बजावत होते, की बोडी पाटबंधारे खात्याकडे आहे, तिथं हसलेलं मूल त्या विभागाचं धरलं जाईल. तोवर झाडू पाण्यात होता. मागोमाग एकोणचाळीस. अडवायला गेलेले साहेब काठाच्या चिखलावरून घसरले ते थेट पोरांच्या मधोमध बसले. पोरं खिदळली, आया पोट धरून हसल्या, आणि झाडूनं साहेबांच्या डोक्यावर पाणी ओतताच त्यांनाही हसू फुटलं.

आठवड्यानं नीलाबाईंना नोटीस आली: अनधिकृत हास्य, बालके चाळीस, अधिकारी एक. नोकरी मात्र पक्की झाली. रडवण्यात त्यांचं गाव जिल्ह्यात पहिलं आलं होतं, तेव्हा तीच पद्धत सगळीकडे शिकवायला त्यांना नेमलं. पुढे योजना शहरांतही गेली.

तेव्हा तुमच्या घरचं बालक मोरी दिसताच भोकाड पसरत असेल, तर काळजी नसावी. पहिला टप्पा तुमच्यापर्यंत पोचला आहे. दुसऱ्याला मंजुरी यायची आहे.