हार्मोनचा सल्ला मोफत

पडेगावात आमच्या गल्लीत एका दारावर ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे, 'हार्मोनचा सल्ला मोफत'. अक्षरं रंगली त्याच आठवड्यात भजनी मंडळाचे म्हातारे त्या दारात पेटी घेऊन गेले. भाता फाटलाय म्हणाले, बघता का जरा. घरमालकानं त्यांना ओट्यावर बसवून तासभर गाईम्हशींच्या रक्ताची माहिती दिली. म्हातारे पेटी तशीच उचलून परत आले, आणि गल्लीत त्या गृहस्थांचं नाव पडलं ते पडलंच, हार्मोन मिसाळ.

हे मिसाळभाऊ पिशोरकडं जनावरांच्या दवाखान्यात शिपाई होते. जनावराचे पाय बांधायचे, डॉक्टरच्या हातात सुई द्यायची, एवढंच काम. पण जन्मभर सुई देता देता माणसाला वाटायला लागतं, आपणच टोचतोय. बायको वारली, लेक सासरी पुण्याला, नोकरी संपली, मग काय, आले आमच्या डोक्यावर बसायला. मी चौथीतनं शाळा सोडलेली बाई, पण एवढं मलाही कळतं की नुसत्या माहितीनं कुणी शहाणं होत नाही.

त्यांचं म्हणणं एकच. जनावरं एकमेकांना सांभाळून घेतात ती काही चांगुलपणानं नाही. गाय गाईची मान चाटते, माकड माकडाच्या उवा काढतं, तेव्हा रक्तात हार्मोन झिरपतं, आणि मग ती एकमेकांच्या मदतीला धावतात. इतकं सांगून थांबतील तर ते मिसाळ कसले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी 'रक्तातलं हाय ते' हा शिक्का मारल्याशिवाय पाय हलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात टँकरवर दोन शेजारणी हंड्यावरून जुंपल्या होत्या. हे मध्ये जाऊन उभे. "वहिनी, तुमच्यात मायेचं हार्मोन लई कमी झालंय. पाच मिनिटं एकमेकींची पाठ खाजवा."

"तुमचीच खाजवते की, ह्या हंड्यानं," एक म्हणाली.

"थांब, मी धरते, तू खाजव," दुसरी म्हणाली.

दोघींनी मिळून त्यांना कोपऱ्यापर्यंत पिटाळलं. धापा टाकत माझ्या ओट्यावर येऊन बसले, आणि वर खुशीत. "बघितलं का अक्का? सहकार्य झालं."

पुढं एक व्यालेली कुत्री त्यांच्या पोटरीला चावली. लाज वाटून घरात बसावं की नाही? हे पट्टी दाखवत फिरले. "ज्या हार्मोननं ती पिलांना चाटती ना, तेच हार्मोन परक्याला चावायला लावतं. आपल्याला माया, दुसऱ्याला दात. रक्तातलं हाय ते."

मी म्हटलं, "जन्मभर दुसऱ्याला सुया दिल्या, आता एक स्वतः घेऊन या आधी."

मग माझ्यावरच वेळ आली. आमची म्हैस चंद्री, तिचं रेडकू आठव्या दिवशी मेलं, आणि तिनं पान्हा चोरला. सड ओढून ओढून माझी बोटं सुजली, भांड्यात थेंब नाही. बजाजनगरहून मुलाचा फोन आला, "आई, रविवारी येतो आन् बाजारात नेतो तिला. नायतर ते इंजेक्शन टोच, लगेच सोडती." नऊ वर्षं चंद्री माझ्या दारात आहे. दुसरं काय करणार, मी इंजेक्शनवाल्याला निरोप धाडला.

मिसाळभाऊ आडवे आले. "इंजेक्शननं पान्हा येतो अक्का, इमान येत नाय. मला चार दिवस द्या."

"तुम्ही काय करणार? पेटी वाजवणार?"

"जवळ बसणार."

आणि बसले की खरंच. रोज सकाळी बादली उलटी घालायची, चंद्रीच्या मानेशी बसायचं, शिंगाच्या मुळाशी चोळायचं, आणि तोंडानं पुटपुटत राहायचं. मला वाटलं, आता म्हशीलाही व्याख्यान. दुपारी शेजारणींना सांगून हसायला होईल म्हणून दुसऱ्या दिवशी मी दाराआड उभी राहून कान दिला.

व्याख्यान नव्हतं. "काल परत भात जास्त झाला बघ. एकट्याचा अंदाजच येईना अजून. पोरीचा फोन नाय आला. तिलाबी काम असतं म्हणा." चंद्री कान हलवत होती. मी पावलं न वाजवता मागं आले.

शनिवारी सडाला हात लावला आणि धार भांड्यावर वाजली. मी मुलाला फोन केला, येऊ नको म्हटलं. मिसाळभाऊंना म्हटलं, "जमलं हो तुम्हाला." आता 'रक्तातलं हाय ते' येणार, म्हणून तयारीनं उभी राहिले. त्यांनी नुसते हात धुतले आणि गेले.

सोमवारी पाहते तर पुन्हा बादलीवर.

"आता कशाला? सोडती की ती."

"व्हय. पण सवय मोडली का बिघडतं," म्हणाले. मग शिंगाच्या मुळाशी चोळत, "जनावराचं."

तेवढ्यात चंद्रीनं मान वळवली आणि त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत चाटला. म्हशीची जीभ म्हणजे किसणी, साल निघायची. त्यांनी हात ओढला नाही. सदऱ्याची बाही आणखी वर सारली आणि डोळे मिटून बसून राहिले.

एक चांगला टोमणा ओठांवर आला होता, तो मी गिळला. हल्ली सकाळी गोठ्यात मी दोन बादल्या ठेवते. एक धारेची, एक उलटी.