गिरणी आणि मुका डबा

"मेलं वाजतसुद्धा नाही!" माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत सासूबाई पाठीमागे पुटपुटल्या.

न वाजणं हाच तर माझा विजय होता! व्हिडिओ बघून बघून मी स्वतः शिकले होते आणि ठरवलं होतं, घरी क्रिप्टोचा नोड चालवायचाच. म्हणजे या डिजिटल पैशाच्या जगभरच्या व्यवहारांची अख्खी प्रत आपल्या मशीनवर ठेवायची आणि ते अहोरात्र चालू ठेवायचं. कमाई शून्य, रुबाब मात्र बँक मॅनेजरचा!

जावई पारखावा तसं मी मशीन पारखलं. प्रोसेसर साधा चालेल, रॅम बेताची पुरे, पण डिस्क ऐसपैस आणि वेगवान हवी. आणि पंखा नको म्हणजे नको! पंख्याचं सुख आम्ही सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर भोगलं होतं. त्याला सगळे 'गिरणी'च म्हणायचे. रोज संध्याकाळी सासरे तिच्यावर पत्ते खेळत बसायचे, आणि फोनवरची माणसं विचारायची, "विमानतळावर आहात का?"

ते गेल्यापासून गिरणी कोपऱ्यात चादर पांघरून होती. तिचं काय करायचं, असं कुणी विचारलं की सगळ्यांना एकदम कामं आठवायची.

नवा डबा कामाला लावला. सकाळी पाहते तर बंद! चालू केला. दुपारी पुन्हा बंद! वायर बदलली, डिस्क बदलली, दुकानदाराशी भांडले.

"ताई, मशीन ठणठणीत आहे. घरात कुणी हात लावतं का?"

"आमच्याकडे? छे!"

शेवटी दाराआड दबा धरला. नवरा आला. डब्याला कान लावला, "बंद पडलंय बिचारीचं," म्हणाला आणि प्रेमाने बटण दाबलं. झालं बंद! मग लेक आली. कान, बटण. चालू! मग सासूबाई. पुन्हा बंद!

"अहो आई, चालू होतं ते!"

"चालू? मग आवाज कुठाय?"

"आवाज नसतोच त्याला! आता ती गिरणी तरी भंगारात देऊन टाकू या!" रागात निघून गेलं तोंडून.

लेक नखं न्याहाळू लागली. नवऱ्याला काम आठवलं. सासूबाईंनी मात्र चादर काढली, नीट घडी घातली, पिन खोचली आणि बटण दाबलं.

घर्रर्रर्र! खिडकीच्या काचासुद्धा थरथरल्या. त्या गोंगाटात सासूबाई काहीतरी बोलल्या.

"काय म्हणालात, आई?" मी ओरडले.

"म्हटलं, मला ह्यांची फार आठवण येते!" त्याही ओरडल्या.